पाणी नसल्याचा दाखला

संडास हा विषय चारचौघांत काढायचा नसतो, हे गोपाळराव बर्व्यांना वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत नीट ठाऊक होतं. एकेचाळिसाव्या वर्षी त्यांनी तो काढला, आणि काढला तोही राजाभाऊ सोहन्यांच्या ओसरीवर, ऐन फराळाच्या वेळी. साल बत्तीस, दिवाळीचा पाडवा. राजाभाऊंच्या हातात चकली होती. ती त्यांनी तशीच ताटात परत ठेवली आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. सड्यावरच्या सातही घरांची त्या दिवसापासून झोप उडाली, असं म्हणणं जरा जास्त होईल. पण पाच घरांची उडाली हे खरं.

सडा म्हणजे रत्नागिरीच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. खाली बंदर, खाली बाजार, खाली माडांच्या बागा. वर नुसता काळा कातळ आणि त्यावर चिऱ्यांची सात घरं. पावसाळ्याचे चार महिने इथे पाणी असं कोसळतं की छत्री हा फक्त शिष्टाचार उरतो. पण शिमगा उलटला की विचाराल तर थेंब नाही. कातळ पाणी पीत नाही आणि धरूनही ठेवत नाही. ते सगळं उतारावरून खालच्या आळीतल्या विहिरीत जातं आणि तिथून बायकांच्या कमरेवर बसून पुन्हा वर येतं. मधे चौऱ्याण्णव पायऱ्या. त्या मालिनीबाईंनी मोजल्या होत्या. गोपाळराव हायस्कुलात विज्ञान शिकवत असल्यामुळे त्यांना मोजण्याची कधी वेळ आली नव्हती.

तर ह्या कातळावर गोपाळरावांना 'सेप्टिक टँक' बांधायचा होता. मुंबईहून आलेल्या आरोग्यविषयक चोपडीत त्याचा नकाशा होता. जमिनीत एक बंद टाकी, तिला दोन कप्पे. मैला आत जातो, तिथे जंतू तो खाऊन टाकतात, आणि उरलेलं पाणी शेजारच्या शोषखड्ड्यात मुरतं. मैल्याची टोपली नको, दुर्गंधी नको, मागच्या बोळातून कुणी यायला नको. गोपाळरावांनी हे सगळं खडूशिवाय, केवळ बोटांनी हवेत काढून दाखवलं.

"म्हणजे," राजाभाऊ म्हणाले, "आजवर आपण बाहेर पाठवत होतो, ते आता घरात ठेवायचं."

राजाभाऊ कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. कोणत्याही गोष्टीचा मथितार्थ एका ओळीत काढून तिचा जीव घ्यायचा, ही त्यांची जुनी सवय.

"ठेवायचं नाही. जंतू खातात ते."

"आणि जंतू मग कुठे जातात?"

"ते तिथेच राहतात."

"घरचेच म्हणायचे मग," राजाभाऊ म्हणाले.

शेजारच्या आनंदीबाई आतल्या दारापाशी बसून ऐकत होत्या. विधवा बाई, एकटीचा संसार, पण शंका सात जणांच्या. त्यांनी विचारलं की हे जंतू आणायचे कुठून, खालच्या बाजारात मिळतात का. आता ह्या प्रश्नाचं उत्तर टाळता आलं असतं. पण शिक्षकाला प्रश्न विचारला की त्याचा तोल जातो. गोपाळरावांनी सांगितलं की एखाद्या जुन्या टाकीतलं चार शेर आणून नव्या टाकीत घातलं की काम सुरू होतं. "विरजणासारखंच," ते म्हणाले.

आनंदीबाई दुसऱ्या दिवसापासून विरजणाला बर्व्यांकडे यायच्या बंद झाल्या. पुढे आठवडाभरात सड्यावर कुणीच कुणाकडे विरजण मागेना, आणि त्या पंधरवड्यात निम्म्या घरांत ताक नव्हतं. ह्याचाही ठपका गोपाळरावांवरच आला.

घरात मालिनीबाईंचा आक्षेप वेगळा होता. त्यांना जंतूंचं काही वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी किती लागेल?"

"एका वेळेला एक बादली. शास्त्राप्रमाणे खरं तर दोन."

"मग शास्त्राला म्हणावं, कळशी घे आणि ये माझ्याबरोबर खाली."

ह्यावर गोपाळरावांनी पावसाचं पाणी साठवायची एक योजना सांगितली. ती ऐकता ऐकता मालिनीबाई कळशी घेऊन पायऱ्या उतरू लागल्या होत्या.

एक गोष्ट मात्र गोपाळरावांनी कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही. ही सगळी उठाठेव चोपडीमुळे सुरू झालेली नव्हती. त्या श्रावणात, सकाळच्या शाळेला निघताना, मागच्या बोळात म्युनिसिपालटीची जनी टोपली घेऊन चालली होती. पन्नाशीला आलेली बाई. सड्यावरच्या सातही घरांची टोपली तीच वाही. शेवाळलेल्या कातळावर तिचा पाय सरकला आणि ती टोपलीसकट बसली. वर पाऊस. टोपलीतलं सगळं तिच्या लुगड्यावर, केसांत. गोपाळराव दहा पावलांवर छत्री धरून उभे होते. हात द्यावा की देऊ नये हे त्यांना ठरवता येईना. तेवढ्यात जनीच म्हणाली, "मास्तर, तुमी जावा, तुमची शाळा भरंल." आणि ते गेले. शाळा भरायला अजून पाऊण तास होता. त्या दिवशी त्यांनी वर्गात काय शिकवलं ते त्यांना आठवत नाही, पण स्वतःची लाज वाटली ती पुढे गेलीच नाही. म्हणून विज्ञान. माणूस शरमला की विज्ञानाचा, नाहीतर वेदान्ताचा आधार घेतो. गोपाळरावांना विज्ञान हाताशी होतं.

आता म्युनिसिपालटी. अर्जाच्या छापील नमुन्यात दोनच रकाने होते: 'विहीर' आणि 'संडास, टोपलीचा'. गोपाळरावांनी 'टोपलीचा' ह्या शब्दावर काट मारून वर 'सेप्टिक' लिहिलं. छापील शब्दावर काट मारणं हा गुन्हा आहे की नाही, हे ठरवण्यात कारकुनाचा मार्गशीर्ष गेला. मग त्याने विचारलं, जवळच्या विहिरीपासून खड्डा पन्नास फूट लांब आहे काय? गोपाळराव अभिमानाने म्हणाले, "सड्यावर विहीरच नाही. सड्यावर पाणीच नाही."

ही घोडचूक झाली. सरकारी माणसाला आपण होऊन काही सांगू नये. पौषात अर्ज परत आला आणि त्यावर तांबड्या शाईत शेरा होता: 'सदर जागेच्या पोटात पाणी नाही, असा जाणकाराचा दाखला जोडावा, म्हणजे विचार करता येईल.'

पाणी असल्याचा दाखला एक वेळ मिळेल. नसल्याचा कोण देणार? गोपाळराव ओव्हरसियरला भेटले. तो म्हणाला, हे आमच्या खात्यात येत नाही. डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, माणसाच्या पोटाचं असेल तर सांगतो. शेवटी राजाभाऊंनीच तोड काढली. "पाणाड्या आणा," ते म्हणाले. "पाणी कुठे आहे ते ज्याला कळतं, त्याला कुठे नाही तेही कळायला हवं."

पाणाड्या म्हणजे पावस गावचा आत्माराम. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो जमिनीवरून चालायचा. खाली पाणी असलं की नारळ उभा राहायचा. सड्यावर त्याने आजवर तीन विहिरींच्या जागा दाखवल्या होत्या. त्यातली एक राजाभाऊंच्या परसात, तीस हात खोल. तिच्यात आता नारळाची सोडणं ठेवत. बाकीच्या दोन इतक्याही उपयोगाच्या नव्हत्या. पण आत्मारामची पत गेली नव्हती, कारण दोष तो नेहमी खणणाऱ्याच्या पायगुणाला देई.

काम काय ते ऐकून आत्माराम दुखावला. "मास्तर, पानी नाय ह्ये सांगाया मला आजवर कुनी बोलावलान नाय."

"तेच तर. तुमच्यासारखा माणूसच हवा त्याला."

आत्माराम नारळ घेऊन परसभर फिरला. गोठ्यापाशी नारळ जरा हलला. तुळशीमागे डुलला. कोपऱ्यातल्या फणसापलीकडे मात्र तो मेल्यासारखा पडून राहिला. आत्मारामने तिथे दोनदा पाय आपटला, थुंकला आणि म्हणाला, "हितं नाय. सात पिढ्या खना. लिवून घ्या."

गोपाळरावांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात दाखला लिहिला: 'सदर जागेत पाण्याचा अंशमात्र नसून पुढेही संभव दिसत नाही.' आत्मारामने अंगठा उठवला. म्युनिसिपालटीने दाखला पाहिला, त्याच्या दोन नकला मागितल्या, आणि माघात मंजुरी आली. असा चोख कागद त्या कचेरीत बऱ्याच दिवसांत आला नव्हता, असं कारकून म्हणाल्याचं गोपाळरावांनी घरी दोनदा सांगितलं.

फाल्गुनात भिकाजी खणायला लागला. भिकाजी चिरेखाणीवरचा माणूस. कातळ त्याच्या हाताखाली खरवसासारखा कापला जाई, पण तोंड त्याहून वेगाने चाले. टाकी आठ फूट खोल आणि शेजारचा शोषखड्डा बारा, हे माप ऐकून तो पहारीवर रेलून उभा राहिला.

"मास्तर, संडास येवडा खोल कशाला? जाताना दोर धरून उतरनार काय?"

गोपाळरावांनी त्याला जंतूंविषयी सांगितलं. भिकाजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की त्याच्या गावात असलं काही मागच्या रानात जातं आणि तिथली डुकरं ते काम करतात, त्यांना टाकी लागत नाही.

शोषखड्डा आधी घ्यायचा ठरलं. रोज हातभर कातळ निघे. सड्यावरची माणसं येता-जाता परसाच्या दगडी कुंपणाशी, गडग्यापाशी थांबत आणि सल्ला देत. राजाभाऊंचं म्हणणं, कातळात पाणी मुरणारच नाही, पहिल्याच महिन्यात हे सगळं वर येईल. आनंदीबाईंचं म्हणणं, दक्षिणेला तोंड नको. गोपाळराव म्हणाले, खड्ड्याला तोंड वरच्या बाजूला असतं. ह्या उत्तराचाही आनंदीबाईंना राग आला.

नऊ फुटांवर पहारीचा आवाज बदलला. भिकाजी चांगला अर्धा तास काही बोलला नाही, तेव्हाच गोपाळरावांनी ओळखायला हवं होतं. मग तो वर आला. गुडघ्यापर्यंत ओला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमच्या संडासाक पानी लागला."

गोपाळरावांनी खाली वाकून पाहिलं. तळाला कातळाच्या भेगेतून बोटभर जाड धार येत होती. काचेसारखं पाणी. गेली पन्नास वर्षं सड्यावरचा प्रत्येक माणूस ज्या गोष्टीसाठी नवस बोलत होता, ती गोष्ट समोर होती, आणि गोपाळराव म्हणाले, "उपसून टाक."

त्यांचंही बरोबर होतं. शोषखड्ड्यात झरा म्हणजे योजना बुडाली. तीन दिवस भिकाजी उपसत होता. पाणी उपसलं की नवं येई, जास्त येई, आणि आधीपेक्षा स्वच्छ येई. चौथ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पुरुषभर पाणी उभं होतं आणि त्यात फणसाची सावली पडली होती. भिकाजीने पहार खांद्यावर टाकली. "आता तुमी नि तुमचे जंतू काय ता बगून घ्या," असं म्हणून तो चहा प्यायला बसला.

सड्यावरची माणसं जमली. पाण्याकडे पाहून सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. जणू कुणाच्या घरी अवघड बातमी आहे आणि अभिनंदन करावं की सांत्वन, ते कळत नाही.

"गोड असेल का हो?" आनंदीबाई म्हणाल्या.

"चाखून बघा," गोपाळराव म्हणाले.

"संडासाचं?"

"अहो, अजून कुणी वापरलाय कुठे?"

राजाभाऊंनी निकाल दिला. त्यांच्या मते प्रश्न वापराचा नव्हता, संकल्पाचा होता. देवळासाठी काढलेला चिरा लावायच्या आधीही देवाचाच. तसा संडासासाठी काढलेला खड्डा पहिल्या पहारीपासून संडासाचाच. मालिनीबाई कडेला कळशी घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याकडे एकदा आणि पाण्याकडे एकदा पाहून त्या चौऱ्याण्णव पायऱ्यांकडे वळल्या. शेजाऱ्यांदेखत त्यांना तसं करावं लागलं, हे गोपाळरावांना फार लागलं.

ते म्युनिसिपालटीत गेले. खड्ड्याला पाणी लागलंय, जागा बदलून द्या.

कारकुनाने कागद काढला. "पाणी नाही तिथे."

"अहो, मी पाहून आलोय."

"दाखला आहे." त्याने बोट ठेवलं. "'अंशमात्र नसून पुढेही संभव दिसत नाही.' अक्षर तुमचंच ना?"

अक्षर त्यांचंच होतं, आणि सुंदर होतं. नवी जागा हवी तर नवा अर्ज, नवा दाखला. जुना खड्डा दप्तरी 'संडासाचा खड्डा, काम अपुरे' असाच राहील. हायस्कुलातल्या शिक्षकांच्या खोलीत तोवर त्यांचं नाव 'भगीरथ' पडलं होतं.

चैत्राच्या सुरुवातीला जनी आली. टोपली लांब बोळात ठेवून ती गडग्याच्या तोंडाशी उभी राहिली. गोपाळराव मागच्या ओसरीवर वह्या तपासत होते.

"मास्तर, ह्यो संडासाचा खड्डा ना?"

"हो."

"मंग ह्याचा पानी मी घेतला तर चालंल?"

गोपाळरावांना प्रश्न लवकर समजला नाही. जनी सांगू लागली तेव्हा समजला. खालच्या आळीतल्या विहिरीला तिचा आणि तिच्या वाडीचा हात लागायचा नाही. मडकं खाली ठेवून लांब उभं राहायचं. येणाऱ्या बायांपैकी कुणाला दया आली तर तिने वरून ओतायचं. "कोनी घातलान तर घातलान. नायतर दुपार व्हते," ती म्हणाली. रागाने नाही, हवापाण्याविषयी बोलावं तसं. "विहीर आसती तर मी इचारला नसता. पन संडासाक कोन नाय म्हननार?"

"घे," गोपाळराव म्हणाले. त्यांनी राजाभाऊंना विचारलं तेव्हा तेही म्हणाले, "घेऊ दे की. तिचंच काम आहे ते."

जनी मडकं आणि दोर घेऊन आली. गोपाळराव वहीआडून बघत होते. तिने मडकं सोडलं, बुडवलं, ओढून वर घेतलं आणि काठावर ठेवलं. थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग ते सगळं पाणी तिने परत खड्ड्यात ओतलं आणि मडकं पुन्हा आत सोडलं.

"का ग, घाण आलं?"

"नाय मास्तर. आजवर कदी ओढला नव्हता. पुन्यांदा ओढून बगितला."

गोपाळरावांनी मान खाली घातली आणि समोरच्या वहीतलं एक बरोबर उत्तर चूक म्हणून कापलं. नंतर तिच्या वाडीच्या दहा-अकरा बाया रोज सकाळी येऊ लागल्या. त्या वेळी सड्यावरची माणसं गडग्याकडे पाठ करून बसत. संडासाच्या खड्ड्याकडे कोण बघतो?

पण वैशाख आला आणि खालची विहीर तळाला गेली. एक कळशी भरायला तास लागू लागला, आणि तीही गढूळ. आनंदीबाई पायरीवर चक्कर येऊन बसल्या. मालिनीबाईंच्या कमरेने दोन वेळा दगा दिला. फणसापलीकडचं पाणी मात्र बोटभरही हललं नव्हतं. मग राजाभाऊंच्या ओसरीवर बैठक बसली. भटजींना विचारून झालं होतं: यजमानाची इच्छा असेल तर संकल्प बदलता येतो. उदकशांत करायची, गोमूत्र शिंपडायचं, रहाट लावायचा, आणि म्युनिसिपालटीच्या दप्तरात 'खड्डा' खोडून 'विहीर' लिहून घ्यायचं. काठावर पाटी बसवायची: 'गोपाळकृष्ण बर्वे यांनी लोकहितार्थ बांधलेली विहीर.'

गोपाळराव माणूसच होते. दोन महिने भगीरथ म्हणवून घेतल्यावर दगडात कोरलेलं नाव कुणाला नको? चार दिवस ते 'लोकहितार्थ' बरं की 'जनहितार्थ' ह्याचा विचार करत होते. पाचव्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालं, "आणि जनीची माणसं?"

राजाभाऊ वाईट माणूस नव्हते. शहरात तेव्हा सहभोजनं चालत, आणि एकदा ते स्वतः जाऊन पंक्तीला बसूनही आले होते. घरी येऊन त्यांनी अंघोळ केली ती उकडत होतं म्हणून. "त्यांच्यासाठी म्युनिसिपालटी हौद बांधतेच आहे," ते म्हणाले. "ठराव झालाय."

"कधी?"

"अठ्ठावीस साली. पण ते होईल. विहीर झाली की मात्र त्यांना सांगावं लागेल, गोपाळराव. पाणी एक झालं तर आनंदीबाई पितील का? तुमची माणसं तरी पितील का?"

ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोपाळरावांना खरोखर माहीत नव्हतं. दप्तरातली नोंद बदलायला म्युनिसिपालटीचा इन्स्पेक्टर यायच्या दिवशी सकाळी त्यांनी धीर करून मालिनीबाईंना विचारलं, काय लिहून देऊ. मालिनीबाई कमरेला पंचा आवळून बांधत होत्या.

"खड्डा काढताना विचारलंत का मला?"

"नाही."

"मग आता तुमचं तुम्ही ठरवा. मला खाली जायचंय." आणि त्या रिकाम्या कळशीसकट निघाल्या. त्यांना पायरी उतरताना कठड्याला हात लावावा लागत होता. एकीकडे हे दिसत होतं. दुसरीकडे, विहिरीचं कळल्यामुळे त्या दिवशी आपण होऊनच आत न येता, जनी आणि दोन बाया गडग्याबाहेर रिकामी मडकी घेऊन उभ्या होत्या. कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना सांगावं लागत नाही.

सॅनिटरी इन्स्पेक्टर दहाच्या सुमाराला आला. राजाभाऊ, आनंदीबाई, आणखी चार घरची माणसं, आपली मजुरी राहिली होती म्हणून भिकाजी, असे सगळे फणसाखाली जमले. इन्स्पेक्टरने दप्तर गुडघ्यावर उघडलं.

"एकच शब्द घालायचा आहे," तो म्हणाला. "मालकाच्या तोंडून हवा. काय लिहू? विहीर?"

गोपाळरावांनी खड्ड्याकडे पाहिलं. हे पाणी उपसून टाका म्हणणारे आपण. त्यावर आपलं नाव कोरायला निघालेलेही आपणच. आणि श्रावणातल्या त्या सकाळी, हात पुढे न करता निघून गेलेले, तेही आपणच. एका माणसाला एका वर्षात इतकं पुरे, असं त्यांना वाटलं.

"संडासाचा खड्डा," ते म्हणाले.

सगळ्यांनी राजाभाऊंकडे पाहिलं. मग राजाभाऊ जपून म्हणाले, "गोपाळराव, तुम्ही वापरलेला नाही तो."

"वापरलेला नाही. पण संकल्प कायम आहे. तो बदलायचा की नाही हे यजमानाने ठरवायचं, असं भटजीच म्हणाले ना?"

शिरस्तेदाराला कायद्याचं उत्तर मिळालं की तो बिचारा अडकतो. राजाभाऊ अडकले. इन्स्पेक्टरला मात्र हायसं वाटलेलं दिसलं. "मग दाखल्याला धरूनच आहे," तो म्हणाला, आणि शाई वाळवून निघून गेला.

"आजपासून तुमच्या घरचं पाणी आम्हाला नको," राजाभाऊ म्हणाले. 'पाणी नाहीच, दाखला आहे,' हे उत्तर गोपाळरावांना दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना सुचलं. त्यांची चांगली उत्तरं नेहमी दुसऱ्या दिवशीची असत. इकडे फणसाखालून एकेक करून सगळे गेले. आनंदीबाई जाताना पाण्याकडे दोनदा वळून पाहत गेल्या.

भिकाजी उरला. "मंग मास्तर, तुमचा संडास आता खनायचा तरी कुटं?"

"लांब, उताराच्या टोकाला," गोपाळराव म्हणाले. "टोपली बंद व्हायलाच हवी. आत्मारामला बोलाव. ह्या वेळी त्याला म्हणावं, पाणी कुठे आहे ते दाखव. तिथे खणू."

भिकाजीने ह्यावर विचार केला आणि पहिल्यांदाच मास्तरांच्या विज्ञानाला मान डोलावली.

तेवढ्यात मालिनीबाई पायऱ्या चढून वर आल्या. कळशीत चार बोटं गढूळ पाणी होतं. त्यांनी फणसाखालची रिकामी जागा पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं, गडग्याबाहेरच्या बाया पाहिल्या, आणि कुणी काही सांगायच्या आधी त्यांना सगळं समजलं. गोपाळराव काहीतरी बोलायला गेले. मालिनीबाईंनी कळशीतलं पाणी फणसाच्या मुळाशी ओतलं.

"जनी, बाहेर का उभी? ये की. खड्डाच आहे," त्या म्हणाल्या.

जनी आत आली. तिने मडकं सोडलं, आणि मालिनीबाई कळशी घेऊन जवळ येताहेत हे दिसताच ती अर्धवट भरलेलं मडकं ओढून घेऊन चटकन मागे सरली, पाच पावलं, पदर सावरून, जशी ती आजवर सगळ्यांसाठी सरत आली होती.

मालिनीबाई काठावर बसल्या. कंबर धरून, हळूहळू, कण्हत बसल्या. कळशीला दोर बांधला.

"अगं, एवढी कुठे चाललीस?" त्या म्हणाल्या. "ये इकडे, माझी कळशी ओढायला हात लाव. मला एकटीला नाही जमणार आज."

जनीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर केव्हाच ओसरीवर जाऊन वहीत बघत बसले होते. वही उलटी होती. मग ती पुढे झाली, आणि दोघींनी मिळून दोर ओढायला घेतला.